हरबा हवालदाराचं एकच वाक्य

एका गावात एक भोळा हवालदार होता. तो खरा हवालदार नव्हता. भोळा मात्र अगदी खरा होता.

गावाचं नाव कुसळवाडी, त्याचं नाव हरबा. वय सत्तावीस, उंची सहा फूट. सांगितलेलं त्याच्या डोक्यात जसंच्या तसं जाऊन बसायचं. तिथून ते ना इकडं सरकायचं, ना तिकडं. घरात तो आणि त्याची आई धुरपदाबाई, अशी दोनच माणसं. आईनं सांगायचं आणि यानं करायचं, असा संसार चालला होता.

एकदा आई म्हणाली, "म्हशीला नदीवर ने. ती डुंबून भाईर आली की मगच घरी ये."

हरबा म्हशीला घेऊन गेला. त्या दिवशी म्हशीला काही पाण्यात शिरायचं नव्हतं. तिनं काठावरचं चार घास गवत खाल्लं आणि आपली आपण घरी आली. हरबा बसला काठावर. दिवेलागणीला आई शोधत आली.

"आरं मुडद्या, म्हस कवाच घरी आली."

"आली आसंल," हरबा म्हणाला. "पर ती आत गेलीच न्हाई, तर भाईर कशी येणार? आन ती भाईर आल्याबिगर मी कसा येणार?"

यावरचं उत्तर तुम्हाला सापडलं तर कळवा.

तर अशा पोराचं लग्न जमवायचं होतं. धुरपदाबाईंना रात्रंदिवस तोच एक घोर. पाच ठिकाणांहून नकार आला होता. पाचही ठिकाणी कुणी ना कुणी म्हशीची गोष्ट सांगून ठेवलेली. सहावं स्थळ होतं तालुक्याच्या हवालदाराचं. हे खरे हवालदार, दौलतराव, सव्वीस वर्षं नोकरी झालेले. त्यांची मुलगी गोजरा. ती पोलीस लाईनीत वाढली होती. लाईनीत सगळे शहाणे. शहाण्या माणसांचा तिला लहानपणापासून वीट आलेला होता.

दौलतरावांनी निरोप धाडला, "मुलगा भोळा आहे असं ऐकतो. भोळा चालेल, खोटारडा चालणार नाही. मी स्वतः येऊन बघेन."

धुरपदाबाईंनी भैरोबाला नारळ बोलला. हे स्थळ गेलं तर सातवं येणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. "आता काय ती तुझी आब्रू आन माझी आब्रू," त्या हरबाला म्हणाल्या. हरबानं मान हलवली. दोन अब्रू आहेत हे त्यानं लक्षात ठेवलं.

नेमकी त्याच सुमाराला भैरोबाची जत्रा आली. कुसळवाडीत जत्रेला नाटक व्हायचं. वीज कधी येते, कधी जाते, तिचा भरवसा नाही, म्हणून इथलं नाटक दुपारी चारला, देवळापुढच्या चौथऱ्यावर. नाटक लिहायचे केरबा मास्तर, बसवायचे केरबा मास्तर, आणि बिघडलं की शिव्या खायचेही केरबा मास्तर. शाळेतून निवृत्त झाल्यापासून त्यांचा हाच उद्योग होता.

यंदाचं नाटक असं होतं. एका सोनाराच्या घरात दरोडेखोर शिरतो. सोनाराचा गडी हुशार. तो हवालदाराचं सोंग घेऊन येतो आणि दरोडेखोराला पकडतो. तालुक्याच्या ड्रेपरीवाल्याकडून हवालदाराची वर्दी भाड्यानं आणली, तर ती कुणाला होईना. कुणाच्या बाह्या लोंबत होत्या, कुणाची पँट छातीपर्यंत येत होती. वर्दी बसली ती फक्त हरबाला. म्हणून हरबा हवालदार झाला. आपल्याकडे बरीच माणसं अशीच मोठी होतात.

मास्तरांनी त्याला काम समजावलं. "हे बघ. तू आहेस गडी. पण तू सोंग घेतोस हवालदाराचं."

"मी तर हरबा हाय."

"हो. हरबा झाला गडी. गडी झाला हवालदार."

"मग हरबा कुठं गेला?"

मास्तरांनी गड्याचा भाग नाटकातून काढून टाकला. हवालदार तेवढा ठेवला. त्याचं वाक्यही एकच ठेवलं, अगदी शेवटचं. दरोडेखोर पकडला गेला, की पडदा पडतो. पडदा पडला की हवालदारानं पडद्यापुढं यायचं, सॅल्यूट ठोकायचा आणि म्हणायचं, "खेळ खलास. मंडळी, आता आपापल्या घरी जा."

"येईल ना एवढं?" मास्तरांनी विचारलं.

"येईल जी."

पहिल्याच तालमीला कट्ट्यावरच्या टवाळांनी मुद्दाम हाका मारल्या. "ए हरबा." हरबा तालीम सोडून "ओ" द्यायचा. पाच वेळा हाक, पाच वेळा ओ. मास्तर वैतागले.

"अरे, वर्दी अंगावर चढली की माणूस हवालदार. वर्दी उतरली की माणूस माणूस. अंगात वर्दी असेपर्यंत इथं हरबा कुणी नाही. हाक मारली तरी ओ द्यायची नाही. समजलं?"

"बरं जी," हरबा म्हणाला. "पुढच्या वेळेला."

"आणि सवय होऊ दे. जत्रेपर्यंत रोज वर्दी घालून हिंड."

दुसऱ्या दिवशी दुपारी धुरपदाबाईंनी भाकऱ्या थापल्या आणि हाक मारली, "हरबा, जेवाया ये रं." ओ नाही. पुन्हा हाक. ओ नाही. बाहेर येऊन बघतात तर हा वर्दी घालून दारातच उभा.

"आरं, हाका मारतीया मी."

"कुणाला?"

"हरबाला."

"हरबा हितं न्हाई," हरबा म्हणाला आणि गस्तीला निघून गेला. भूक लागली होती. पण भूक हरबाला लागली होती आणि हरबा तिथं नव्हता.

आता बघा, दैव कसं असतं. त्याच दुपारी दौलतराव मुलगा बघायला कुसळवाडीत उतरले. साधा सदरा, पायजमा, डोक्याला टोपी. वेशीपाशी त्यांना एक उंचापुरा हवालदार दिसला. वर्दी जरा विटकी होती, एका खांद्यावर उसवलेली होती. पण सव्वीस वर्षांत दौलतरावांनाही काही फार चांगली वर्दी मिळाली नव्हती, त्यामुळं त्यांना संशय आला नाही.

"राम राम हवालदार," दौलतराव म्हणाले. "हरबाचं घर कुठलं?"

हरबानं बोट दाखवलं. "ते लिंबाखालचं."

"घरी आहे का तो?"

"न्हाई. सकाळपासनं न्हाई."

"कधी भेटेल?"

"वर्दी उतरल्याव."

दौलतरावांना वाटलं, हवालदाराची ड्यूटी संपल्यावर तो बोलावून आणील. ते जवळ सरकले. मुलाची चौकशी करायची तर तिऱ्हाइताकडे करावी, आणि तिऱ्हाईत खात्यातला असला तर सोन्याहून पिवळं. "खात्यातल्या माणसाशी खात्यातला माणूस खोटं बोलणार नाही. हा हरबा मुलगा म्हणून कसा आहे?"

हरबानं विचार केला. त्याला हरबाची बरीच माहिती होती.

"जरा भोळा हाय," तो म्हणाला. "सांगितलं तेवढं करतो. न सांगितलेलं करत न्हाई. मागं म्हशीपायी नदीवर दिवसभर बसला. दारू पीत न्हाई. भाकरी चार खातो. आयशीला उलटून बोलत न्हाई, पर आयशीला त्याचा ताप लई हाय."

"लग्न करावं का त्यानं?"

"करावं. पर पोरगीला आधी इचारा. त्याच्यासंगं ऱ्हायाचं म्हंजी सोपं काम न्हाई."

इतकी खरी माहिती दौलतरावांना सव्वीस वर्षांत कुठल्या साक्षीदारानं दिली नव्हती. त्यांचं समाधान झालं. पण मुलगाच घरी नाही म्हटल्यावर ते परतले. जाताना धुरपदाबाईंना निरोप ठेवला, "जत्रेला मुलीला घेऊन येतो. तेव्हा मुलगा हजर ठेवा."

संध्याकाळी वर्दी उतरली. धुरपदाबाईंनी कपाळ बडवून घेतलं. "सोयरा दारात येऊन गेला आन तू म्हनं हितं न्हाई." त्या तशाच मास्तरांकडे गेल्या. मास्तरांनी हरबाला बोलावलं.

"अरे शहाण्या, वर्दी असली तरी आपलं माणूस आलं की ओळख द्यायची असते. 'या, बसा' म्हणायचं. चहापाणी विचारायचं. हवालदार झाला म्हणून माणूस माणुसकी सोडतो का?"

"बरं जी," हरबा म्हणाला. "पुढच्या वेळेला."

पुढची वेळ रंगीत तालमीत आली. दरोडेखोराचं काम होतं शिरपाकडे. शिरपा म्हणजे हरबाचा चुलत भाऊ, लहानपणापासून एका ताटात जेवलेला. काळी घोंगडी, डोक्याला फडकं, दोरीनं बांधलेली मिशी, काखेत गाठोडं. शिरपा सोनाराच्या तिजोरीला हात घालतो. तेवढ्यात हवालदार हरबा धाडकन आत येतो. येतो, आणि थांबतो. आपलं माणूस दिसलं ना.

"ये शिरपा, बस," हरबा म्हणाला. "च्या घेणार का?"

शिरपाला दुपारपासून चहा मिळाला नव्हता. तो बसला.

केरबा मास्तरांनी वही जमिनीवर आपटली. "दरोडेखोराला चहा? अरे, डोक्याला फडकं, तोंडाला मिशी, काखेत गाठोडं, आणि इकडंतिकडं बघत येतो तो दरोडेखोर. दिसला की बोलायचं नाही, बसवायचं नाही. सरळ मानगूट धरायची आणि खांबाला बांधायचं. मग तो कितीही म्हणू दे, मी अमका आहे, मी तमका आहे. ऐकायचं नाही."

"बरं जी. पुढच्या वेळेला."

जत्रेचा दिवस उजाडला. ऊन मी म्हणत होतं. दौलतराव मुलीला घेऊन एस्टीनं आले. उन्हाचं म्हणून त्यांनी डोक्याला पंचा गुंडाळला होता. मिशी त्यांची आपली होती, चांगली झुपकेदार. काखेत गाठोडं होतं, त्यात भैरोबाच्या नैवेद्याचं सामान. आणि नवखं गाव, त्यात जत्रेची गर्दी, म्हणून ते इकडंतिकडं बघत येत होते. गोजरा बांगड्यांच्या दुकानाशी रेंगाळली होती. दौलतराव एकटेच पुढं आले.

समोर हरबा गस्तीवर. दौलतरावांनी त्याला ओळखलं आणि हसून हात वर केला. "काय हवालदार, ओळख आहे का गरिबाची?"

हरबा बोलला नाही. त्यानं त्यांना बसवलंही नाही. सरळ मानगूट धरली.

"अहो, हे काय? मी दौलतराव."

हरबानं ऐकलं नाही.

"अरे, मी स्वतः हवालदार आहे."

इथं मात्र हरबा थांबला. त्यानं दौलतरावांना खालून वरपर्यंत पाहिलं. "वर्दी कुठाय?"

"घरी आहे. रजेवर आलोय."

"अंगावर न्हाई?"

"नाही."

"मग न्हाई," हरबा म्हणाला आणि त्यानं त्यांना चौथऱ्याच्या खांबाला बांधलं. बांधलं व्यवस्थित. म्हशीला बांधायची तीच गाठ होती, आणि ती गाठ ओढली की जास्तच आवळते.

सव्वीस वर्षं लोकांना धरून नेणारा माणूस ड्रेपरीच्या वर्दीनं धरला. जत्रा सगळी तिथं लोटली. पिपाणी विकणाराही पिपाणी वाजवायची सोडून बघायला आला. तेवढ्यात गोजरा आली. तिनं बापाला पाहिलं, हवालदाराला पाहिलं आणि तोंडाला पदर लावला. ती रडत नव्हती.

केरबा मास्तर धोतर सावरत धावत आले. त्यांच्यामागं धुरपदाबाई. गाठ सुटेना, विळीनं कापावी लागली. धुरपदाबाईंनी दौलतरावांच्या पायांवर डोकं ठेवलं. "पाव्हणं, पदरात घ्या. ह्योच माझा हरबा."

दौलतराव मनगटं चोळत होते. ते थांबले. "हा? अहो, त्या दिवशी हरबाची माहिती मला यानंच दिली."

"व्हय," हरबा म्हणाला. "खरी दिली."

"भोळा आहे म्हणालास. आईला ताप आहे म्हणालास."

"हाये की."

दौलतरावांना राग तर आला होताच. भर जत्रेत मानगूट धरली होती, पेढा भरवला नव्हता. पण स्वतःविरुद्ध इतकी सरळ साक्ष देणारा माणूस त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. गोजरा बापाच्या कानाशी लागली. "बाबा, लाईनीत रोज तुम्हाला वाकून रामराम घालतात आणि पाठीमागं नावं ठेवतात. यानं काय केलं ते तोंडासमोर केलं."

दौलतरावांनी पंचा झटकला. "मास्तर, आज नाटकात याचं काम काय?"

"एक वाक्य आहे."

"ठीक. ते एक वाक्य वेळेवर, जागेवर आणि नीट आलं, तर आजच सुपारी फोडू. नाही आलं, तर भैरोबाला आणि तुम्हाला, दोघांनाही नमस्कार."

धुरपदाबाईंनी भैरोबाला आणखी एक नारळ बोलला. मास्तरांनी हरबाला देवळामागं नेलं. "पाव्हण्याला दरोडेखोर समजलास?"

"फडकं व्हतं. मिशी व्हती. गाठोडं व्हतं."

"अरे बाबा, माणसाला हात लावण्याआधी खात्री करून घ्यायची असते. नाव काय, गाव काय, बापाचं नाव काय, धंदा काय. चौकशी करायची. सगळं जुळलं तरच धरायचं."

"बरं जी. पुढच्या वेळेला."

"आणि तुझं वाक्य कधी?"

"पडदा पडल्याव."

"त्याच्या आधी?"

"न्हाई."

"शाबास."

मास्तरांना वाटलं, आता काही बिघडत नाही. पण पडद्याच्या दोरीवर होता नाना सुतार. नाना हा हरबासारखा भोळा नव्हता. तो नुसता हट्टी होता. मागच्या जत्रेला त्यानं पडदा आधीच सोडला होता. राणी मरायची होती, ती पडद्याच्या बाहेर मेली. तेव्हा मास्तर त्याला चारचौघांत बोलले होते. यंदा मास्तरांनी त्याला सक्त ताकीद दिली होती, "नाटकातलं शेवटचं वाक्य झाल्याशिवाय दोरी सोडायची नाही. मी स्वतः येऊन सांगितलं तरी सोडायची नाही."

चारला नाटक सुरू झालं. पुढच्या सतरंजीवर दौलतराव, शेजारी गोजरा, बायकांच्या बाजूला धुरपदाबाई हात जोडून बसलेल्या. नाटक रंगलं. सोनार झोपला. शिरपा दरोडेखोर शिरला. तिजोरी उघडली. धाडकन हवालदार आत आला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

हवालदारानं खिशातून कागद काढला. "नाव काय?"

हे नाटकात नव्हतं. तरी शिरपानं सावरून घेतलं. "मला सगळे म्हणतात काळभैरव दरोडेखोर."

"खोटं," हरबा म्हणाला. "तुझं नाव शिरपा. गाव?"

"अरे..." शिरपा दबक्या आवाजात म्हणाला.

"गाव कुसळवाडी. बापाचं नाव महादू, त्यो माझा चुलता. धंदा शेती. दरोडा कुठंच न्हाई ह्यात." हरबानं कागद घडी घालून खिशात ठेवला. "जुळत न्हाई. जा तू घरी."

लोक हसून लोळायला लागले. मास्तर विंगेत घामानं निथळले. शेवटी शिरपानंच शहाणपणा केला. स्वतःच दोरी उचलली, स्वतःच्या हातांना गुंडाळली आणि ओरडला, "हाय रे दैवा, मी पकडला गेलो." लोकांना तेही आवडलं.

आता उरलं एक वाक्य.

हरबा ताठ उभा राहिला, पडदा पडायची वाट बघत. नानानं दोरी घट्ट धरली, वाक्याची वाट बघत.

पडदा पडेना. वाक्य येईना.

मास्तर एका विंगेतून कुजबुजले, "हवालदार, म्हण."

"पडदा पडला न्हाई," हरबा ओठ न हलवता म्हणाला.

मास्तर चौथऱ्याला वळसा घालून दुसऱ्या विंगेत धावले. "नाना, सोड दोरी."

"वाक्य झालं नाही," नाना म्हणाला.

"अरे, मी सांगतोय."

"तुम्ही सांगितलं तरी सोडू नको म्हणून तुम्हीच सांगितलंय."

मास्तर परत इकडं धावले. मग तिकडं. चार खेपांनंतर ते मधल्या पायरीवर बसले आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.

लोकांना वाटलं, नाटकात अजून काही आहे. ते थांबले. सोनार झोपेचं सोंग घेऊन पडला होता, त्याला खरीच झोप लागली. शिरपाच्या मिशीची दोरी सुटली. हरबा उभा. तोंडावर माशी बसली, नाकावरून कानावर गेली, परत आली. हरबा उभा. पश्चिमेकडचं ऊन थेट डोळ्यांत येत होतं. हरबानं पापणीही हलवली नाही. अर्धा तास झाला, तास झाला. म्हशींच्या धारा काढायची वेळ झाली तशी एकेक बाई उठली, मग पुरुष उठले. सतरंज्या रिकाम्या झाल्या. उरले दौलतराव, गोजरा आणि रडकुंडीला आलेल्या धुरपदाबाई.

शेवटी केरबा मास्तर उठले. त्यांनी चौथऱ्यावर जाऊन हरबाच्या वर्दीची बटणं स्वतःच्या हातानं सोडली आणि वर्दी उतरवली. बनियनवर आलेला हरबा इकडंतिकडं बघून म्हणाला, "आई, भूक लागली."

धुरपदाबाईंना हुंदका आवरेना. सहावं स्थळही गेलं होतं. त्या पदरानं डोळे पुसत दौलतरावांपुढं आल्या. "पाव्हणं, वाक्य काय आलं न्हाई. तुमचा शबुद तुमी पाळा."

दौलतराव सतरंजीवरून सावकाश उठले. "बाई, मी सव्वीस वर्षं बंदोबस्त केलाय. जत्रेचा केला, सभेचा केला, मंत्री येणार म्हणून रस्त्यावर केला. उभं राहा म्हटलं की आमचा माणूस पाच मिनिटांत झाडाखाली जातो. मीही जायचो. असा उभा राहिलेला माणूस मी पहिल्यांदा बघतोय. वाक्याचं काय, ते कुणीही बोलतं." ते गोजराकडे वळले. "तुझं काय म्हणणं?"

"उभं केलं तिथं सापडेल," गोजरा म्हणाली. "मला पुरे आहे."

त्याच सतरंजीवर सुपारी फुटली. दौलतरावांचं घर म्हणजे पोलीस लाईनीतल्या दोन खोल्या, पुढं अंगण नाही. तेव्हा लग्न कुसळवाडीत, देवळापुढच्या त्याच चौथऱ्यावर करायचं ठरलं.

हरबाला एकच गोष्ट खात होती. तो मास्तरांकडे गेला. "मास्तर, माझं वाक्य राहिलं."

मास्तर आनंदात होते. आनंदात माणूस जरा सैल बोलतो. "जाऊ दे रे. तुझी चूक नव्हती. पडदाच पडला नाही, त्याला तू काय करणार? तुझ्यापुढचा पडदा पडला असता, तर तू वाक्य म्हटलंच असतंस."

"म्हटलं आसतं."

"मग झालं तर. पुढं कधी चौथऱ्यावर उभा राहिलास, समोर लोक असले आणि पडदा पडला, की ठोक वाक्य. सोडू नको. आणि नाटक संपलं की ड्रेपरी काढून ज्याची त्याला परत द्यायची आणि सरळ घरी जायचं. मागं रेंगाळायचं नाही."

"बरं जी," हरबा म्हणाला. "पुढच्या वेळेला."

लग्नाचा दिवस आला. चौथऱ्यावर मांडव घातला, आंब्याची तोरणं बांधली. जत्रेला होती तेवढीच माणसं जमली, उलट जेवण होतं म्हणून थोडी जास्तच. हरबाच्या डोक्याला भाड्याचा फेटा, अंगात कोट, कपाळाला मुंडावळ्या. तो हातात हार घेऊन पाटावर उभा राहिला. समोर गोजरा, तिच्याही हातात हार. मध्ये अंतरपाट. अंतरपाट धरायला दोन माणसं लागतात. एका टोकाला गोजराचा मामा होता. दुसऱ्या टोकाला, सवयीचा माणूस म्हणून, नाना सुतार.

हरबानं नानाकडे पाहिलं. नानाच्या हातातल्या कापडाकडे पाहिलं. समोर बसलेल्या लोकांकडे पाहिलं. आणि तो ताठ उभा राहिला.

भटजींनी मंगलाष्टकं सुरू केली. एक झालं, दोन झाली. हरबा वाट बघत होता. अक्षता डोक्यावर पडल्या, कानात गेल्या. त्यानं पापणी हलवली नाही. दौलतरावांनी शेजारच्या पाव्हण्याला अभिमानानं कोपर मारलं, "बघा, कसा उभा आहे." धुरपदाबाईंच्या डोळ्यांतून सुखाचं पाणी वाहत होतं. भैरोबानं पार पाडलं, असं त्या मनात म्हणत होत्या.

"शुभमंगल सावधान."

नानानं या वेळी उशीर केला नाही. त्यानं टोक सोडलं आणि अंतरपाट खाली आला.

हरबा एक पाऊल पुढं आला. टाच आपटून त्यानं असा सॅल्यूट ठोकला की सव्वीस वर्षांच्या सवयीनं दौलतरावांचाही हात कपाळाला गेला. आणि मग खड्या आवाजात, एकही शब्द न चुकता, हरबा म्हणाला, "खेळ खलास. मंडळी, आता आपापल्या घरी जा."

वाक्य इतकं सुरेख आलं की मागच्या रांगेतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. वाजंत्री थांबली. हरबानं मुंडावळ्या सोडल्या, फेटा उतरवला, कोट काढून घडी घातली आणि सगळं केरबा मास्तरांच्या हातात दिलं. हार बघितला. तो ड्रेपरीचा नव्हता, म्हणून पाटावर ठेवला. आणि बनियनवर, मागं न रेंगाळता, सरळ घरी निघून गेला.

मांडवात कुणाला काही सुचेना. भटजी पोथीत बघायला लागले, पण पोथीत याला काही नव्हतं. दौलतरावांचा चेहरा लाल झाला होता आणि हात अजून कपाळालाच होता.

गोजरा मात्र पाटावरून उतरली.

"कुठं निघालीस?" दौलतराव म्हणाले.

"आपापल्या घरी जा म्हणालेत ना," गोजरा म्हणाली. तिनं पाटावरचा दुसरा हारही उचलला आणि ती लिंबाखालच्या घराची वाट चालू लागली. मग तिच्यामागं वाजंत्री, वाजंत्रीमागं वऱ्हाड, वऱ्हाडामागं पोथी छातीशी धरून भटजी.

हरबा उंबऱ्यावर बसून भाकरी खात होता. गोजरानं त्याच्या हातातली भाकरी बाजूला ठेवली, एक हार त्याच्या गळ्यात घातला, दुसरा त्याच्या हातात दिला आणि मान पुढं केली. तेवढं हरबाला कळलं. त्यानं हार घातला. लग्न लागलं. लोकांनी उरलेल्या अक्षता टाकल्या.

एवढ्यात केरबा मास्तर धापा टाकत पोचले. त्यांच्या एका हातात फेटा, दुसऱ्या हातात कोट. "अरे गाढवा," ते म्हणाले, "लग्नात असं करतात का? अंतरपाट दूर झाला की लगेच नवरीच्या गळ्यात हार घालायचा असतो. सॅल्यूट मारायचा नसतो. लोकांना घरी पाठवायचं नसतं. आणि नवरीला मांडवात सोडून घरी तर मुळीच यायचं नसतं. समजलं?"

सगळं वऱ्हाड ऐकत होतं. दौलतराव नुकतेच येऊन मास्तरांच्या शेजारी उभे राहिले होते. नवी नवरी हार घातलेली समोरच होती.

हरबानं नीट ऐकून घेतलं. मान हलवली.

"बरं जी," तो म्हणाला. "पुढच्या वेळेला."

नशीब, त्या दिवशी दौलतराव वर्दीत नव्हते.